चौकशी कोणी करावयाची?

महाड तालुक्यातील बिरवाडीसारख्या गावच्या आरोग्य केंद्रात तांबड्या विंचवाचा दंश झालेला रोगी आणला म्हणजे, अंगाला दरदरून घाम फुटलेला, हातपाय गार पडलेले आणि थोड्याच वेळात फुप्फुसांत पाणी साचून जीव कासावीस झालेला, अशा त्या रोग्यापुढे डॉक्टराने हात टेकावे, अशी स्थिती कोकणात सत्तरीच्या दशकापर्यंत होती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या खाटेशी बसून लक्षणांची बारकाईने टिपणे केली; ती १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने छापली; आणि रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे औषध या दंशातही गुणकारी ठरते हा त्यांचा अनुभव त्याच नियतकालिकातून १९८६ साली जगापुढे आला. एखाद्या बड्या संस्थेचे पाठबळ नसलेल्या, तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या एका वैद्याचे म्हणणे, केवळ ते तपासून खरे वाटले एवढ्याच बळावर देशोदेशींच्या वैद्यांपर्यंत पोहोचावे, यातच वैद्यकीय नियतकालिक या संस्थेचे खरे वैभव आहे.

या वैभवाचा पाया किती नाजूक आहे हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. बिरवाडीचा तो रोगी लंडनच्या संपादकाने पाहिलेला नसतो, लेख ज्यांच्याकडे अभिप्रायासाठी धाडला जातो त्या तज्ज्ञांनीही पाहिलेला नसतो, आणि तो लेख वाचून आपल्या रोग्याला औषध देणाऱ्या परदेशस्थ डॉक्टराने तर तो पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. लेखकाने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, या एकाच गृहीतावर ही सारी परंपरा उभी असते. लेखकाला कीर्ती हवी असते, संपादकाला नियतकालिकाची प्रतिष्ठा हवी असते, प्रकाशकाला नफा हवा असतो, आणि लेखक ज्या संस्थेत नोकरीला असतो त्या संस्थेला आपले नाव हवे असते. व्यवहाराच्या वेळी हे चौघेही हजर असतात, गैरहजर असतो तो फक्त ज्याच्या शरीरात ते औषध जावयाचे तो रोगी. म्हणून वैद्यकीय नियतकालिकाचा संपादक हा त्या गैरहजर रोग्याचा विश्वस्त होय, असे आम्ही मानतो. आणि विश्वस्ताचा हिशेब तपासणारे कोणी नसले म्हणजे देवस्थानच्या ठेवीची जी गत होते, तीच आज आपल्या देशात वैद्यकीय संशोधनाच्या छापील शब्दाची होऊ पाहत आहे. एखादा लेख खोटा असल्याचा संशय आला तर त्याची चौकशी कोणी करावयाची, या साध्या प्रश्नाला भारतात आजही ठाम उत्तर नाही. आणि ते मिळेपर्यंत नीतिनियमांची कितीही बाडे छापली तरी ती दप्तरात शोभेपुरतीच राहणार, हे आमचे प्रतिपाद्य आहे.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. एप्रिल १९९२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथील एका चिकित्सकाचा निबंध प्रसिद्ध केला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चारशे रोग्यांचे दोन गट पाडून त्यांपैकी एका गटाला फळे, भाज्या आणि सुका मेवा विपुल असलेला आहार दिला असता, त्या गटातील मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके वर्षभरात लक्षणीय प्रमाणात कमी झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. औषधांच्या खर्चाने आणि त्यांच्या दुष्परिणामांनी त्रस्त झालेल्या जगाला असा निष्कर्ष आवडणे स्वाभाविक होते, आणि म्हणून इतर ग्रंथकारांनी त्याचा आधार घेण्यास प्रारंभ केला. पुढे त्याच लेखकाकडून मोठमोठ्या चाचण्यांचे निबंध एकामागून एक येऊ लागले, तेव्हा संपादकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि त्यांनी मूळ नोंदी मागविल्या. काही नोंदी वाळवीने खाऊन टाकल्या, असे उत्तर आले.

ज्या नोंदी हाती लागल्या त्या संख्याशास्त्रज्ञांपुढे ठेवण्यात आल्या, आणि त्यांनी केलेली तपासणी सामान्य वाचकानेही समजून घ्यावी इतकी उद्बोधक आहे. प्रत्यक्ष मोजमाप करून लिहिलेल्या आकड्यांच्या लांब यादीत शेवटचा अंक शून्यापासून नवापर्यंत कोणताही, जवळजवळ सारख्याच संभवाने येत असतो. मनाने आकडे रचणाऱ्याची लेखणी मात्र नकळत काही विशिष्ट अंकांकडे पुनःपुन्हा वळते, आणि त्याला स्वतःला याची दादही नसते. शिवाय रोग्यांचे गट जर खरोखरच दैवगतीवर सोडून पाडलेले असतील, तर चाचणीच्या आरंभी त्या दोन गटांत वय, वजन, रक्तदाब इत्यादी बाबतींत एक प्रकारचा सारखेपणा असावा लागतो. मुरादाबादच्या नोंदी या कसोट्यांस उतरल्या नाहीत, आणि आकडे रचलेले किंवा फिरविलेले असावेत असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. लेखकाचा अपराध कोणत्याही न्यायासनापुढे सिद्ध झालेला नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. परंतु तो सिद्ध वा असिद्ध ठरविण्यास न्यायासनच अस्तित्वात नव्हते, हीच तर या प्रकरणाची खरी मेख आहे. लेखक विद्यापीठाचा नोकर असता तर विद्यापीठाला खलिता धाडता आला असता. येथे तो स्वतंत्र व्यवसाय करणारा होता. संपादकांनी पत्रव्यवहार करून पाहिला, परंतु चौकशीची जबाबदारी शिरावर घेण्यास भारतातील एकही संस्था पुढे आली नाही. अखेरीस जुलै २००५ मध्ये, म्हणजे लेख छापल्यानंतर तेरा वर्षांनी, त्या लेखाविषयी आपणांस गंभीर शंका असल्याची जाहीर नोंद करून संपादकांनी आपल्यापुरता विषय संपविला. आणि ‘लॅन्सेट’नेही त्याच लेखकाच्या २००२ सालच्या निबंधाविषयी त्याच सुमारास तशीच नोंद केली.

असा विलंब केवळ आपल्याकडेच होतो, असे समजण्याचे कारण नाही. ज्या ‘लॅन्सेट’ने बावस्करांचे टिपण छापले त्याच ‘लॅन्सेट’ने फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा अवघ्या बारा मुलांवरील तो कुप्रसिद्ध निबंध छापला, ज्याने गोवर, गालफुगी व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. वेकफील्ड यांना लस-उत्पादकांविरुद्धच्या दाव्याच्या तयारीसाठी वकिलामार्फत पैसा मिळत होता, ही गोष्ट संपादकांनाही कळविलेली नव्हती. ती २००४ साली ब्रायन डीअर या वृत्तपत्रकाराने उजेडात आणली, आणि त्यानंतरही पूर्ण लेख मागे घेण्यास फेब्रुवारी २०१० उजाडावा लागला. या बारा वर्षांत इंग्लंडमधील ती लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास घसरले, आणि जवळजवळ हद्दपार झालेला गोवर त्या देशात पुन्हा ठाण मांडून बसला. तथापि एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल होती, तिने प्रदीर्घ सुनावणी केली, साक्षी घेतल्या, आणि मे २०१० मध्ये वेकफील्ड यांचे नाव वैद्यांच्या नोंदवहीतून कमी केले. उशिरा का होईना, निवाडा देणारे आसन तेथे होते.

आणि मनात आणले तर किती शीघ्र हालचाल करता येते, याचाही दाखला त्याच नियतकालिकाने दिला आहे. करोनाच्या साथीत २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ने सहाशे एकाहत्तर रुग्णालयांतील शहाण्णव हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदींवर आधारलेला, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध घातक असल्याचे सांगणारा निबंध छापला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी तत्काळ तहकूब केली. नोंदी पुरविणाऱ्या ‘सर्जिस्फीअर’ या कंपनीचे नाव फारसे कोणी ऐकलेले नव्हते. या निबंधात २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातील काही रुग्णालयांत त्र्याहत्तर मृत्यू झाल्याचे म्हटले होते, आणि साऱ्या ऑस्ट्रेलिया खंडातील मृत्यूंची त्या दिवशीची एकूण संख्याच सदुसष्ट होती! ही विसंगती वाचकांनी दाखवून दिली, शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले, कंपनीने मूळ नोंदी स्वतंत्र तपासनिसांना दाखविण्यास नकार दिला, आणि ४ जूनला निबंध मागे घेण्यात आला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नेही त्याच कंपनीच्या नोंदींवरील दुसरा निबंध त्याच दिवशी मागे घेतला. बारा वर्षांचे काम तेरा दिवसांत झाले. परंतु यातून संपादकांची पाठ थोपटण्यापूर्वी एवढे विचारावयास हवे की, जी विसंगती वाचकांना आठवड्याभरात दिसली ती छापण्यापूर्वी तज्ज्ञ-परीक्षकांना का दिसली नाही? उत्तर सरळ आहे: परीक्षक निबंध वाचतो, नोंदी पाहत नाही, त्या पाहण्याची प्रथा नाही, आणि या विनामोबदला कामासाठी त्याला सवडही नसते.

नोंदी न पाहण्याची किंमत रोगी कशी मोजतो, हे जर्मनीतील भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. रक्तस्राव वा जंतुसंसर्ग यांमुळे रक्तदाब घसरलेल्या रोग्याच्या शिरेतून हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च नावाचा पिष्टमय द्राव देण्याची पद्धत जगभरच्या अतिदक्षता विभागांत रूढ होती, आणि ती निर्धोक असल्याच्या पुराव्यात बोल्ट यांच्या निबंधांचा वाटा मोठा होता. २०१० नंतर त्यांचे निबंध एकामागून एक मागे घेतले गेले. काहींत नोंदी बनावट होत्या, कित्येकांना नीतिसमितीची मंजुरीच नव्हती. २०१३ साली काही संशोधकांनी उपलब्ध असलेल्या सर्व चाचण्या एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा बोल्ट यांच्या चाचण्या वगळताच उरलेल्या आकड्यांतून असे निष्पन्न झाले की या द्रावाने अत्यवस्थ रोग्यांचे मृत्यू वाढतात. त्याच वर्षी युरोपच्या औषध-नियंत्रकांनी अशा रोग्यांसाठी त्याचा वापर बंद केला. एका माणसाच्या लेखणीने एक घातक द्राव वर्षानुवर्षे निर्धोक भासविला. त्यात किती जण दगावले याची गणती कधीच होणार नाही, कारण ते ज्या आजाराने दाखल झाले होते त्याच आजाराने गेले असे त्यांच्या आप्तांना वाटले, आणि शिरेत द्राव सोडणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरालाही तसेच वाटले.

आता नियमांचे म्हणाल तर त्यांची वाण नाही. १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय संपादक एकत्र जमले आणि त्यांनी निबंधांच्या मांडणीचे जे सामायिक नियम ठरविले, त्यांचा विस्तार होत होत आज एक संपूर्ण संहिता सिद्ध झाली आहे. लेखक म्हणून नाव घालण्यास चार अटी आहेत: संशोधनाच्या कल्पनेत वा कामात भरीव सहभाग, मसुदा लिहिण्यात वा सुधारण्यात वाटा, अंतिम मसुद्यास संमती, आणि निबंधातील प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घेण्याची तयारी. जी चाचणी आरंभापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंदविलेली नाही तिचा निबंध छापावयाचा नाही, हा दंडक याच संपादकांनी २००५ पासून अमलात आणला. त्यामुळे मनासारखा निकाल लागलेल्या चाचण्या मिरवावयाच्या आणि उरलेल्या गुपचूप पुरून टाकावयाच्या, या प्रथेला काही अंशी पायबंद बसला. भारताची अशी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. १९९७ साली ब्रिटनमध्ये संपादकांनी प्रकाशन-नीतीची समिती स्थापन केली. आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही २०१९ साली आपले धोरण जाहीर केले. या साऱ्या नियमांत निंदा करण्यासारखे काही नाही. पण यांपैकी बहुतेकांची अंमलबजावणी ज्याने गैरप्रकार केला असावा त्याच्याच संस्थेवर सोपविलेली आहे, आणि आपल्याच नामांकित प्राध्यापकाविरुद्ध निकाल देऊन स्वतःची अब्रू चव्हाट्यावर आणण्याची हौस कोणत्या संस्थेला असते?

कॅनडातील मेमोरियल विद्यापीठाचे उदाहरण याच कारणासाठी नित्य स्मरणात ठेवण्याजोगे आहे. मूळचे भारतीय असलेले पोषणतज्ज्ञ डॉ. रणजित कुमार चंद्रा यांनी १९८९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तान्ह्या मुलांच्या कृत्रिम दुधावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या हाताखालच्या एका परिचारिकेने तक्रार केली, विद्यापीठाने चौकशी केली, आणि १९९५ साली तयार झालेल्या अहवालात चंद्रा यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. परंतु तो अहवाल विद्यापीठाच्या दप्तरातच राहिला. पुढे चंद्रा यांनी कॅनडाच्या नभोवाणी महामंडळावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, तीत ते हरले, आणि त्या खटल्याच्या ओघात अहवाल लोकांपुढे आला. तेव्हा कोठे २०१५ साली, छापल्यापासून सव्वीस वर्षांनी, तो निबंध मागे घेण्यात आला. चौकशी झाली, निष्कर्ष निघाला, पण तो जाहीर झाला नाही, तर रोग्याच्या दृष्टीने चौकशी न झाल्यासारखेच होय.

पैशाचा मोह हा या क्षेत्रातला दुसरा शत्रू, आणि तो मोठ्या घराण्यांच्या उंबरठ्याबाहेर थांबतो असे नव्हे. सांधेदुखीवरील ‘व्हायॉक्स’ या औषधाविषयीचा निबंध २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला, आणि औषध-कंपनीने त्याच्या नऊ लाखांहून अधिक छापील प्रती विकत घेऊन डॉक्टरांना वाटल्या. हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले, आणि निबंधात तीन हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद गाळण्यात आली होती, अशी जाहीर नोंद नियतकालिकाने २००५ च्या डिसेंबरात केली. ज्या निबंधाच्या प्रती विकून तिजोरीत पैसा येतो, त्याच निबंधावर संशय घेण्याचे काम त्याच कचेरीत बसून करावयाचे, ही संपादकाची अवस्था किती अवघड आहे हे आम्ही जाणतो. पण विश्वस्ताने ते पद स्वीकारतानाच ही अडचण पत्करलेली असते.

आपल्याकडे मात्र या दोन दोषांत तिसऱ्याची भर पडली, आणि तो दोष सरकारी हुकुमातून जन्माला आला. वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षकास बढती हवी असेल तर त्याच्या नावावर ठरावीक संख्येने शोधनिबंध असले पाहिजेत, अशी अट भारतीय वैद्यक परिषदेने घातली. हेतू स्तुत्यच होता. पण २०१६ साली डॉ. समीरण नंदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांच्या दहा वर्षांच्या कामाची मोजदाद केली, तेव्हा त्यांपैकी ३३२ संस्थांतून एकही निबंध प्रसिद्ध झालेला आढळला नाही, आणि वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या पंचवीस निघाल्या. जेथे प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात बसण्यास फुरसत नाही, बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग हटत नाही आणि संशोधनाची पद्धत कोणी शिकविलेली नाही, तेथे निबंधाची सक्ती केली म्हणजे निबंध निर्माण होतात, संशोधन होत नाही. पहिल्या दोन नावांनाच श्रेय मिळेल, असा खुलासा परिषदेने २०१५ साली केला. २०२० साली तो पहिल्या तीन नावांपर्यंत वाढविला. आणि विभागप्रमुखाचे नाव दुसरे की तिसरे, सहकाऱ्याचा उपकार यंदा फेडावयाचा की पुढल्या खेपेस, असल्या गणितांत शास्त्र बाजूला पडले.

मागणी निर्माण झाली की पुरवठादार येतातच. पैसे घेऊन आठवड्याभरात कोणताही निबंध छापून देणारी नियतकालिके आपल्या देशात गल्लोगल्ली निघाली. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने कर्करोगावरील, मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट निबंध जगातील ३०४ नियतकालिकांकडे धाडला. त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला, आणि त्यांत भारतातील ६४ होती. नाकारणारी भारतीय नियतकालिके फक्त १५ निघाली. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशकावर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दावा लावला आणि २०१९ साली तेथील न्यायालयाने त्याला पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम केला. लेखकांना फसविल्याबद्दल भारतीय प्रकाशकाला जाब विचारण्यास अमेरिकेचे न्यायालय लागावे, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

या बाबतीत पुण्याने केलेल्या कामाचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांची जी यादी होती, तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेल्या नियतकालिकांची छाननी डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि अन्य कोणत्याही मान्य सूचीत नसलेल्या अशा नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केला. आयोगाने त्या वर्षी ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली, आणि नवी यादी राखण्याचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे सोपविले. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली आणि चांगले-वाईट पारखण्याचा भार पुन्हा ज्याच्या त्याच्या संस्थेवर टाकला. एकच मध्यवर्ती यादी सर्वज्ञ असू शकत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु ज्या विद्यापीठांच्या शिफारशीने ती यादी प्रथम नासली, त्यांच्याच विवेकावर सारे सोपविणे म्हणजे ज्याच्या हातून घर जळाले त्यालाच राखणीस बसविणे होय.

येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होते. आयोगाच्या २०१८ सालच्या नियमावलीने वाङ्मयचौर्याला शिक्षा ठरविल्या, आणि मजकुराचे किती टक्के साम्य असले म्हणजे कोणती शिक्षा, याची पायरी-पायरीने मांडणीही केली. तेव्हापासून प्रत्येक महाविद्यालयात साम्य मोजणारी संगणकप्रणाली आली, आणि त्या प्रणालीचा दाखला जोडला की नीतीचे काम संपले, असा समज पक्का झाला. पण जो आकडे स्वतःच्या मनाने रचतो त्याच्या निबंधाचे दुसऱ्या कोणत्याही निबंधाशी साम्य असण्याचे कारणच काय? दुसऱ्याचे चार परिच्छेद उचलणारा आळशी विद्यार्थी या चाळणीत सापडतो, आणि दोनशे रोगी कल्पनेतून निर्माण करणारा प्राध्यापक शून्य टक्के साम्याचा दाखला घेऊन सन्मानाने बाहेर पडतो. रोग्याच्या दृष्टीने या दोन अपराधांत कोणता भयंकर, हे सांगावयास नको. पण आमचा कायदा लहान अपराधाकडे डोळे वटारून पाहतो आणि मोठ्या अपराधापुढे त्याची दृष्टी अधू होते.

संपादक म्हणजे पोलीस नव्हे, असा आक्षेप या विषयावर नेहमी येतो, आणि तो खराही आहे. झडतीचा अधिकार नसलेल्या, बहुतेकदा स्वतःचा व्यवसाय सांभाळून रात्री हस्तलिखिते वाचणाऱ्या माणसावर गुन्हेशोधाचे ओझे लादणे अन्यायाचे होईल, आणि अब्रुनुकसानीच्या नोटिसीची धास्ती तर प्रत्येकालाच असते. तरीही संपादकाच्या हाती एक गोष्ट निश्चितपणे असते, ती म्हणजे आपली चूक उघडपणे मान्य करणे. आणि याचे एक उदाहरण मुंबईतच घडले. वैद्यकीय नीतीलाच वाहिलेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हे नियतकालिक मुंबईत १९९३ पासून निघत आहे. त्याने २०१८ साली स्वीडनमधील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या वाढीचा संबंध त्या रोगाच्या प्रतिबंधक लसीशी जोडणारा एक लेख छापला. लेखकाने आपण स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत असल्याचे लिहिले होते, आणि त्या संस्थेने असा कोणी आपल्याकडे नाही असे कळविले. लेखकाचे नाव टोपणनाव निघाले; नियतकालिकाने प्रथम त्या टोपणनावाचा बचाव केला, नंतर टीका ऐकून घेतली, आणि काही आठवड्यांत तो लेख मागे घेऊन त्याची कारणे वाचकांपुढे मांडली. नीतीचे धडे देणाऱ्या नियतकालिकाचीच फजिती झाली म्हणून पुष्कळांनी तोंडसुख घेतले. आम्हांस मात्र त्यात लाज वाटण्यासारखे फारसे काही दिसत नाही. ज्या नियतकालिकाने कधीच एकही लेख मागे घेतलेला नाही त्याच्याविषयी अधिक साशंक असावे, असे आमचे मत आहे.

तेव्हा करावयाचे काय? केंद्र सरकारने कायदा करून संशोधनातील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी स्वतंत्र, संस्थांच्या दबावापासून मुक्त असे प्राधिकरण नेमावे, ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे. अमेरिकेत असे कार्यालय आणि डेन्मार्कमध्ये अशी समिती १९९२ सालीच स्थापन झाली. पण दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे महाराष्ट्राला कारण नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना संलग्नता देत आहे, आणि संलग्नतेच्या अटी घालण्याचा अधिकार त्याच्यापाशी आहे. त्याने तीन अटी घालाव्यात. पहिली, प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक निबंधाच्या मूळ नोंदी महाविद्यालयाने ठरावीक वर्षे जपून ठेवाव्यात, आणि कोणत्याही संपादकाने मागितल्यास त्या रोग्यांची ओळख झाकून दाखवाव्यात. नोंदी नष्ट झाल्याची सबब पुढे आली तर तो निबंध बढतीसाठी जमेस धरू नये. दुसरी, तक्रारींच्या चौकशीसाठी अन्य महाविद्यालयांतील तज्ज्ञ आणि एक संख्याशास्त्रज्ञ यांचे कायम मंडळ विद्यापीठाने नेमावे, त्याच्या निकालास मुदत घालावी, आणि निकाल प्रतिकूल असो वा अनुकूल, तो जाहीर करावा. तिसरी, बढतीच्या मुलाखतीत उमेदवाराने निबंधांची संख्या सांगण्याऐवजी आपला एकच निबंध समितीपुढे ठेवावा, आणि त्याच्या मूळ नोंदींवर प्रश्नोत्तरे व्हावीत. ज्याने काम केले आहे तो अर्धा तास बोलेल, आणि ज्याचे नाव उपकाराने घातले आहे तो पाच मिनिटांत उघडा पडेल.

या अटींना फारसा पैसा लागत नाही. लागतो तो आपल्याच माणसाविरुद्ध निकाल लिहिण्याचा निर्धार. तो दाखविण्यास जी पहिली संस्था पुढे येईल तिची काही काळ बदनामी होईल, तिच्या नावे मागे घेतलेल्या निबंधांची संख्या इतरांहून अधिक दिसेल, आणि मानांकनाच्या तक्त्यात ती कदाचित खाली घसरेल. हे सोसण्याची तयारी असलेले अधिष्ठाते आणि कुलगुरू महाराष्ट्रात नाहीत असे आम्ही मानीत नाही. मात्र त्यांना पाठबळ मिळावयाचे असेल, तर चौकशी करणाऱ्या संस्थेला कलंकित आणि चौकशी न करणाऱ्या संस्थेला निष्कलंक समजण्याची आपली, म्हणजे वृत्तपत्रांची, पालकांची आणि सरकारची, जी खोड आहे ती प्रथम सुटली पाहिजे.